रेडिओवरचा सत्कार

कर्वेनगरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर मी गप्पांचा कार्यक्रम करू लागले, तेव्हा माझा समज होता की मुलाखत म्हणजे मुलाखत घेणाऱ्याने चमकायची संधी. पहिल्या दोन भागांत मी इतकी चमकले, की पाहुण्यांना ‘हो’ आणि ‘अगदी’ एवढंच बोलता आलं. केंद्रप्रमुख बाईंनी बोलावून घेतलं.

“तिसऱ्या भागात पाहुणे बोलले, तर कार्यक्रम तुमचा. नाहीतर सकाळी हवामान वाचायला माणूस हवाच आहे.”

तिसरे पाहुणे म्हणजे हडपसरचे एक निवृत्त बसचालक. कार्यक्रम थेट प्रसारणाचा, वीस मिनिटांचा. ते एकटे येतील अशी माझी भाबडी कल्पना. ते आले आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या चार पदाधिकाऱ्यांसह. चिटणीसांच्या हातात शाल, श्रीफळ आणि छापील कार्यक्रमपत्रिका.

“ताई, आधी प्रास्ताविक, मग परिचय, सत्कार, यांचं मनोगत आणि शेवटी आभार.”

“काका, हा रेडिओ आहे. शाल दिसणार कुणाला?”

“म्हणून काय माणसाला नुसतंच बोलायला बसवायचं?”

वाद घालायला वेळ नव्हता. लाल दिवा लागला होता.

मंडळाच्या स्थापनेत सहा मिनिटं गेली. मग परिचय. पाहुण्यांचं प्राथमिक शिक्षण कुठे झालं हे मला तेव्हापासून पाठ आहे. काचेपलीकडे बाई घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघत होत्या. मी मध्ये तोंड उघडलं, की चिटणीस तळहात दाखवून थांबवत. शाल पांघरताना ती माइकवर घासली आणि श्रोत्यांनी एक छोटं वादळ ऐकलं. चौघांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एका श्रोत्या बाईंचा फोन आला.

“शालीचा रंग कोणता?”

“मोरपंखी,” चिटणीसांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. “आता मनोगतापूर्वी दोन शब्द...”

पाच मिनिटं उरली होती. पाहुणे चिटणीसांकडे वळले.

“अहो, गाडी सुटायची वेळ झाली की मी मंत्र्यासाठीसुद्धा थांबलो नाही. बसा.”

खुर्ची नव्हती, तरी चिटणीस बसले.

माझ्याकडे रात्रभर घोटलेला, तीन पोटवाक्यांचा प्रश्न तयार होता. तो मी गिळला. पाहुणे सांगू लागले:

“कात्रजच्या गाडीमागे एक गृहस्थ रोज पळायचे. रोज चुकायची. एक दिवस कीव आली, भर रस्त्यात थांबलो. धापा टाकत खिडकीपाशी आले आणि म्हणतात, ‘थांबलात कशाला? डॉक्टरांनी पळायला सांगितलंय मला!’”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, दुसऱ्या दिवसापासून जरा जोरात नेली.”

उरलेली चारही मिनिटं ते बोलले. वेळ संपली, दिवा विझला आणि चिटणीस उठून आभार मानू लागले.

“काका, माइक बंद झालाय.”

“असू दे. आभार राहता कामा नयेत.”

त्यांनी केंद्रप्रमुख बाईंनाही आत बोलावून उभं केलं. आभार प्रास्ताविकाहून लांबले. मंडळी गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

“हवामान दुसरं कुणीतरी वाचेल. प्रश्न चांगला विचारलात.”

“कोणता?”

“‘मग?’”