तळ्यावर पोस्टिंग असलेले सोंडे

साताऱ्याच्या स्टँडवर कडेगावच्या गाडीची वाट पाहताना मी दोन कप चहा प्यालो आणि विचार केला, किडे बघायला पुण्याहून एवढ्या लांब जाणारा माझ्यासारखा शहाणा दुसरा कोण असेल? घरात झुरळ निघालं की मी खुर्चीवर चढतो आणि बायको चप्पल शोधते. पण सुभेदारांचा फोन आला होता, "किड्यांनी पाणी उघडलंय गड्या. बेंदराला ये." फौजेत असताना ते खडकीला आमचे शेजारी होते. निवृत्त होऊन ते गावी, उसात परतले. त्यांचा शब्द मोडायची माझी आजही टाप नाही.

चार वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा त्यांच्या गावचा तलाव मला दिसलाच नव्हता. बांधाखाली हिरवंगार, जांभळ्या फुलांचं शेत दिसलं. कसलं पीक म्हणून बघायला पाय टाकला, तो मांडीपर्यंत आत. सुभेदारांनी कॉलर धरून बाहेर ओढलं. ती जलपर्णी होती. म्हशींना पाण्यात उतरता येत नव्हतं आणि बेंदराला (आपल्या पोळ्यासारखा बैलांचा सण) बैल बोअरच्या पाइपाखाली धुवावे लागत होते. यंत्र लावून काढली तरी ती पुन्हा फोफावायची.

कराड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. कडेगावला न्यायला सुभेदार नव्हे, त्यांचा धाकटा भाऊ बापू मोटारसायकल घेऊन आला होता.

"वैनींनी धाडलंय," तो म्हणाला. "दादा माझ्याशी बोलत न्हाई. वरीस झालं."

मी कारण विचारलं. सुभेदारांनी एका प्रयोगशाळेतून जलपर्णी खाणारे सोंडे (धान्यात होतात तसले सोंडवाले किडे) आणले होते. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत जलपर्णी लावून ते त्यांनी जिवापाड वाढवले. मग एकदा सुभेदार तपासणीसाठी दवाखान्यात गेले.

"पानाला भोकं दिसली, पावणं. म्हटलं, दादाच्या झाडास्नी कीड लागली. आमचा हात काय, भोक दिसलं की पंपाकडंच जातोय. फवारलं. वर दादाला फोन करून सांगितलं बी. म्हटलं, खूश हुईल."

यावर हसावं की रडावं, मला कळेना. बापूने मला दारात सोडलं आणि अंगणात पाऊल न टाकता गाडी वळवली.

संध्याकाळी सुभेदारांनी मला काहिलीत (गूळ शिजवायची मोठी पसरट कढई) बसवलं. या भागात जुन्या काहिलीची होडी करतात. ती जरा कलली की मला देव आठवत होता. पण बांधाचं टोक ओलांडलं आणि मी देवालाही विसरलो. समोर पाणी होतं. मोकळं, रुंद पाणी, आणि त्यात आख्खं आभाळ. कडेला उरलेली जलपर्णी तांबूस पडून, मान टाकून हळूहळू बुडत होती.

सुभेदारांनी एक देठ उभा चिरला. आत बोगदा होता आणि बोगद्यात पांढरी अळी. मग गाभ्यातून त्यांनी एक करडा सोंडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याएवढा. मी ओरडलो नाही, याचं मलाच नवल वाटलं.

"किती सोडले होते?" मी विचारलं.

"जेवणाच्या डब्यात मावतील एवढे. टाकीतले मेले, पर हे आधीच हितं ड्यूटीवर हुते." त्यांनी चिरलेला देठ पाण्यात सोडला. "आन् दुसरं कायबी खात न्हाईत. उसात सोड, भातात सोड. उपाशी मरतील, पर तोंड लावणार न्हाईत."

यंत्राला जे जमलं नाही ते या दाण्याएवढ्या जिवांनी केलं होतं, तेही कुणाला ऐकू न येता. मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

"बापूला दाखवलंत का?"

"त्या पंपवाल्याला काय दाखवायचं?" सुभेदार म्हणाले आणि वल्हं जरा जोरातच मारू लागले.

दुसऱ्या दिवशी बेंदूर. बैल तलावात पोटापर्यंत उतरले. बापू आपली जोडी एका टोकाला धूत होता, सुभेदार दुसऱ्या टोकाला उभे होते. मधे सगळा गाव होता. निघण्याआधी मी काहिलीतून आणखी एक फेरी मारली. वहिनींनी पुरणपोळ्यांचा डबा दिला आणि स्टँडवर सोडायला पुन्हा बापूलाच बोलावलं.

वाटेत मी त्याला सांगितलं, की हे सोंडे जलपर्णीशिवाय कशालाच तोंड लावत नाहीत. स्टँडवर उतरलो तोच बापू म्हणाला, "पावणं, हलू नका."

माझ्या बाहीवर सोंडा होता. बापूचा हात पुढे आला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सोंडा त्याच्या ओंजळीत होता. त्याने चारी बाजूंच्या उसाकडे पाहिलं.

"हितं हा काय खाणार?" मग माझ्याकडे वळला. "त्यो डबा मोकळा करा की."

मी पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. त्याने सोंडा डब्यात ठेवला, झाकण किलकिलं लावलं. "दादाच्या हातात देतो," म्हणाला आणि माझी बस यायच्या आत गाडी फिरवून निघून गेला.

धरणं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि दरवेळी माणसाच्या कर्तबगारीने छाती फुगली आहे. या खेपेला कर्तबगारी दुसऱ्याची होती. माणसाने करायचं ते एवढंच, की हात आवरायचा आणि वाट बघायची. ते किती कठीण आहे, हे मी बापूकडे बघून शिकलो.

साताऱ्यात गाडी बदलताना सुभेदारांचा फोन आला.

"सोंडा जिवंत पोचला," ते म्हणाले. "बापू हितंच जेवायला बसलाय."