स्पष्टीकरण, पण आजपासून

आज दुपारी एका नियमाला नवा अर्थ फुटताना पाहिला, म्हणून लिहितेय.

आम्ही काही जण रविवारी सुंदर अण्णांच्या घरच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून यक्ष-राक्षसांच्या पत्त्यांचा खेळ खेळतो. खेळ अण्णांनी रचला, नियम मी लिहून काढले. आज जिंकणारा तिरुचीच्या स्पर्धेला जाणार होता. आमच्यातल्या शेल्वीने अण्णांचा यक्ष झोपवला; झोपलेला यक्ष बचाव करत नाही असंच आम्ही आजवर खेळत आलो, म्हणून ती जिंकली.

अण्णा म्हणाले, "झोपलेला यक्षही बचाव करतो. अर्थ पहिल्यापासून तोच, मी फक्त स्पष्ट करतोय."

"मग गेल्या रविवारी माझा यक्ष झोपलेला असताना तुम्ही जिंकलात, तो डाव रद्द?" मी विचारलं.

"ते कशाला उकरतेस? हे आजपासून."

"आजपासून असेल तर हा बदल झाला. तो पुढच्या डावापासून लागू करा."

"कंप्युटर ऑफिसात ठेवून येत जा, मा," अण्णांनी माझ्या प्रोग्रामरच्या नोकरीवरून लाडाने टोमणा मारला.

सगळे हसले. मग अण्णांचा अर्थ आजच्या डावालाच लावायचा का, यावर मत घेतलं. माझा सोडून सगळे हात अण्णांच्या बाजूने वर गेले, शेल्वीचाही. "तिरुचीला अण्णाच जाऊ देत ना, अक्का," ती म्हणाली.

नियमांच्या फाइलवरून मी माझं नाव काढलं आहे. अण्णांचं मला नवल नाही. शेल्वीचा हात कोणत्या नियमाने वर गेला, हे कुणी सांगेल का?