मांगं नाला हाये

"जरा बाजूले सरका, मांगं नाला हाये."

फोटो काढताना तो प्रत्येकाला हेच म्हणायचा. शिरपूरला देवळाच्या वाटेवर त्याचं फोटोचं दुकान होतं. यात्रेकरूंना मागे देऊळ हवं असायचं, हा त्यांना नाल्याकडे पाठ करून उभं करायला बघायचा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण ऐकायचं नाही, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. राहायचा एकटाच. दुकानाच्या भिंतीवर माणसाचा एक फोटो नव्हता. सगळे नाल्याचे.

तोच नाला पुढे आमच्या गावाला यायचा. ठेकेदार काठची झाडं तोडत होता, आणि होळीपर्यंत टिकणारं पाणी दिवाळीतच आटू लागलं होतं. हा फोटोवाला म्हणाला, "अर्ज कोन वाचते? जंगल खात्याच्या साहेबाले सिनेमाच दाखवू."

सिनेमाचा एक छोटा जुना कॅमेरा त्याच्याकडे होता. रीळ मात्र मुंबईहून मागवायचं, आणि महाग. मग वर्गणी काढायची ठरली.

वर्गणीचं पत्रक मी लिहिलं. आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी, आणि मजकूर झकास उतरला होता, हे आजही सांगतो. कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी कापूस. केनवडच्या बाजारात ते विकून एक रीळ आलं. जेमतेम तीन-चार मिनिटांचं.

पत्रकाच्या शेवटी मी लिहिलं होतं : 'हा सिनेमा आपल्या सर्वांचा आहे.'

तिथंच घोळ झाला. सिनेमा काढायच्या सकाळी अख्खं गाव धुतलेले कपडे घालून नाल्यावर हजर.

"म्या ज्वारी देल्ली ना बावा, मंग माहं तोंड काहून नाई?" एका आजीनं त्याला अडवलं.

"आजी, नाला दाखवाचा हाये."

"नाला काय पयून चालला? आंधी मले घे!"

तो हसला. आजीला घेतलं. मग रांगच लागली. प्रत्येकाला तो बाजूला सरकायला सांगत होता, सरकत कुणीच नव्हतं, आणि ज्यांच्या ज्वारी-कापसावर रीळ आलं त्यांना नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं.

शेवटी मी. माझ्या बापानं दोन पायल्या दिल्या होत्या. पदवीचा कागद छातीशी धरून मी उभा राहिलो.

"बीए, तुमी तरी सरका. थोडंसंच रीळ राह्यलं."

"एकच मिनिट," मी म्हणालो.

कॅमेऱ्याची घरघर थांबली. त्यानं भिंगावर झाकण लावलं.

साहेबांनी सिनेमा पूर्ण पाहिला. म्हणाले, "माणसं छान आलीत. नाला कुठंय?" उरलेली झाडंही गेली. गावात सिनेमा दाखवला तेव्हा आपलं तोंड दिसलं की जो तो ओरडायचा. हा मागे भिंतीला टेकून उभा होता. पडद्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुकान बंद केलं. जाताना रीळ आणि ते दाखवायचं मशीन माझ्याकडे ठेवलं. "ठेवा बीए. सर्वांचं हाये ना." मग मोटारीत बसला तो गेलाच. कुठं गेला, कुणालाच ठाऊक नाही. अख्ख्या रिळात तो कुठंच नाही.

कधी दुपारी खिडक्या लावून मी ते रीळ लावतो. ती आजी येते, बाप येतो. दोघंही आता नाहीत. शेवटी मी येतो, कागद धरून. माझ्या खांद्याशी पाण्याची बोटभर पट्टी चमकते.

दर वेळी मी खुर्चीतून उठून जरा बाजूला सरकतो. पडद्यावरचा बी.ए. हलत नाही.