जोडाघराची पुढची खिडकी

आमच्या भागात माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात. भूकंपातून बायको वाचली म्हणून सरांनी देवाला शब्द दिला आणि तेव्हापासून दर रविवारी ते नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात भाविकांचे जोडे उचलतात. यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं मला आता लिहून टाकायचं आहे.

औसा तालुक्यातल्या एका गावात मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. भूकंपाच्या पहाटे माळवदाची माती आणि भिंतीचे दगड बायकोच्या अंगावर आले. दगड उपसताना मी देवाला म्हणालो, हिला तेवढी दे, पुढचं माझं सगळं तुझं. ती जिवंत निघाली. उजवा हात मात्र खांद्यापासून कायमचा अधू झाला.

पुढे लातूरला क्लासचं वारं सुटलं. मी शाळा सोडून तिकडे शिकवायला गेलो आणि काही वर्षांनी नांदेडला स्वतःचा रसायनशास्त्राचा क्लास काढला. दिलेला शब्द आत टोचत होता, म्हणून जोडाघरात जायला लागलो. खिडकीतून जोडे घ्यायचे, बिल्ला द्यायचा, मागे नेऊन फडक्यानं पुसून मांडायचे, एवढंच काम. सुरुवातीचे काही महिने मी मागे बसून नुसता पुसत होतो. तेवढे महिने खरे. तिथे बसल्यावर क्लासची आठवणसुद्धा यायची नाही.

एका रविवारी खिडकीवरचा माणूस आला नव्हता, म्हणून मी पुढे बसलो. रेणापूरचे एक पालक जोडे द्यायला आले आणि त्यांनी मला ओळखलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पोराबरोबर पुतण्यालाही घेऊन क्लासवर हजर. म्हणाले, "जो माणूस लोकांचे जोडे उचलतो, तो आमच्या लेकरांना फसवणार न्हाई."

त्यानंतर मी मागे कधी बसलो नाही. धुळीनं दम लागतो असं सांगितलं. प्रवेशाचे दिवस आले की आठवड्याच्या मधल्या दिवशीही जायला लागलो.

सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. जाणं बंद केलं, तर सर आजारी आहेत असं समजून लोक डाळिंबं घेऊन घरी आले. सत्कार नाकारला, तर नाकारल्याचीच चर्चा सत्कारापेक्षा जास्त झाली. एका पालकाला तर सरळ सांगितलं की मी तिथे देवासाठी नाही, तुमच्यासाठी बसतो. तो हसला आणि वाकून पाया पडला. मी काहीही केलं तरी ते भक्तीतच जमा व्हायचं.

घरात बायको सगळं ओळखून होती. पावसाळ्यात एखाद्या रविवारी मी कंटाळा केला की ती विचारायची, "आज पालक येणार न्हाईत वाटतं?"

रविवारी कामवालीची सुट्टी असायची. बायकोला एका हातानं वेणी घालता येत नव्हती, त्या दिवशी तिचे केस संध्याकाळपर्यंत तसेच राहायचे. रविवारी घरी थांबा, असं ती कितीदा म्हणाली. देवाचं काम आहे, असं सांगून मी चपला घालायचो. शेवटी एकदा ती म्हणाली, "देवानं तुम्हाला बोलावलं का? मी बोलवायलेय."

त्या दिवशीही मी गेलो.

आता क्लास मुलगा बघतो. गेल्या वर्षी मी जोडाघर सोडलं आणि एका रविवारी कंगवा घेऊन तिच्या मागे बसलो. गुंता ओढला गेला तशी ती कळवळली, मग माझी वाकडी वेणी चाचपून हसली. मला वाटलं, त्या पहाटे देवाला देऊ केलेलं होतं ते हेच. इतक्यात बेल वाजली. जुने पालक आले होते. कंगवा खाटेवर ठेवता आला असता. मी तो हातात धरूनच दार उघडलं.

त्यांनी कंगवा पाहिला, आत अर्ध्या वेणीनिशी बसलेली बायको पाहिली, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते गेल्यावर मी परत तिच्या मागे आलो. "ऱ्हाऊ द्या आता," म्हणत तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "आधी कडी लावा. बेल वाजली तरी उठायचं न्हाई."

मी कडी लावली. त्या दिवशी कुणी आलं नाही. वेणी पुरी होईपर्यंत माझे कान मात्र दाराकडेच होते.