साडूनं वाळवलेला चुना

कानिफनाथ म्हसे तंबाखू खात नव्हता, पान खात नव्हता, तरी त्याच्या तोंडी सदा चुन्याचंच नाव. पाण्यात उतरायच्या आधी तो विचारायचा, "चुना ताजा हाय ना?" आणि धरणाच्या भिंतीवर बसलेली माणसं फिदीफिदी हसायची. हसोत बापडी! त्यांना काय ठाऊक, की या माणसाचा जीव त्या चुन्यावर टांगलेला होता.

मढीच्या कानोबाला नवस बोलून झालेला पोरगा, म्हणून आईनं नाव ठेवलं कानिफनाथ. बाप विहिरींचा गाळ काढायचा, त्यामुळं पाण्याची भीती या घरात कुणाला नव्हतीच. मिसरूड फुटायच्या सुमारास कानिफ नौदलात गेला, तिकडं कोचीनला पाणबुड्याचं काम शिकला, आणि आई अंथरुणाला खिळली तसा वर्दी उतरवून गावी आला. आला तर राहुरीच्या वरच्या अंगाला धरण उभं राहिलेलं! पाण्याखाली राहून काम करणारा माणूस आसपास शोधून सापडेना, आणि हा तर दारातच बसलेला. मग काय, लागला कामाला.

त्याचं यंत्रही न्यारंच होतं. पाठीवर हवेची मोठी टाकी घेऊन उतरणारे पाणबुडे वेगळे. ती टाकी भरायची सोय आपल्याकडं कुठली? याच्या छातीवर एक रबरी पिशवी, कमरेला ऑक्सिजनची लहानशी नळकांडी आणि पाठीशी एक पत्र्याचा डबा. डब्यात चुना. माणूस श्वास सोडतो त्यात विषारी वायू असतो, तो हा चुना गिळायचा आणि साफ झालेली हवा परत पिशवीत यायची. तीच हवा घ्यायची, तीच सोडायची. पाण्यावर बुडबुडासुद्धा उठायचा नाही. खाली माणूस जिवंत आहे की नाही, हे वरच्याला कळायचं ते फक्त कमरेच्या दोरावरून.

हा चुना पानाचा नव्हे आणि भिंतीचाही नव्हे. तुरीच्या दाण्याएवढे पांढरे खडे, दवाखान्यात भूल देताना वापरतात त्या जातीचे, मुंबईहून सीलबंद यायचे. वापरून थकले की जांभळे पडायचे. पण त्या रंगावर कानिफचा काडीचा भरवसा नव्हता. जांभळा पडलेला खडा थोडे दिवस तसाच ठेवला की परत पांढराशुभ्र दिसतो. दिसतो नुसता! आतून तो मेलेलाच असतो. म्हणून कानिफचा नियम होता, की वर आलं रे आलं की डबा रिकामा करायचा. थोडा वापरलेला असो नाहीतर पुरता, सगळा खड्ड्यात आणि वरून माती.

हे बघून सहादेवाचं काळीज तुटायचं. सहादेव त्याचा साडू. कानिफची बायको बनुबाई थोरली, सहादेवाची छबूबाई धाकटी. सासऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून सहादेव घरजावई होऊन सासऱ्याची मोसंबीची बाग बघायचा. विहीर आटली, हाताला काम राहिलं नाही, तेव्हा कानिफनंच त्याला धरणावर आणला आणि स्वतःच्या कमरेचा दोर त्याच्या हातात दिला. यापरता भरवसा तो काय असतो!

"साडूभाऊ, एवढा चांगला चुना मातीत घालता?" सहादेव म्हणायचा. "आमच्यात शिळ्या भाकरीचाबी कुटका करून खात्यात."

"भाकर न्हाई ती. टाक मुकाट्यानं."

"आवो, पर जरा ऊन दाखवलं तर?"

"उनानं मेलेलं मानूस उठतं का रं? टाक म्हन्तो ना."

सहादेव हसायचा आणि फावडं घेऊन खड्ड्याकडं जायचा. आपल्याकडं तांदळाला ऊन दाखवतात, गोधडीला दाखवतात, लोणच्याच्या बरणीलाही दाखवतात. उन्हात घातलं की वस्तू सुधरते, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. त्यामुळं कानिफलाही वाटलं, बोलतोय बिचारा सवयीनं. खड्ड्यात खरंच काय जातं, हे त्यानं वाकून कधी पाहिलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरेना. पुढच्या उन्हाळ्यात धरणात पाणी उरलं थोडकं, आणि तेवढ्यात कालव्याचा दरवाजा अडकला. मागं कधी पुरात वाहून आलेलं बाभळीचं अख्खं खोड दरवाजाच्या खाचेत पाचर मारल्यागत रुतून बसलेलं. दरवाजा हलेना. खाली कालव्याच्या दोन्ही अंगांची माणसं डोळ्यांत प्राण आणून बसलेली. सासऱ्याची बागही त्याच कालव्यावर. मोसंबीची पानं गुंडाळायला लागली होती, छबूबाई डोक्यावरून घागरी वाहून झाडाच्या बुडाशी ओतायची.

पाणी होतं दोन पुरुष खोल, गढूळ, हाताला हात दिसू नये असं. कानिफ रोज उतरून खोडाभोवतीचा गाळ काढत होता. आता फक्त तारेचा दोर खोडाला बांधायचा राहिला होता, पुढचं काम वरचं यंत्र करणार. आणि नेमका चुना संपला!

"मुंबईचा डबा येऊ दे. तवर मी उतरनार न्हाई," कानिफनं सांगून टाकलं. धरणावरच्या साहेबांनीही मान डोलावली. जबरदस्ती कुणीच केली नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बनुबाई बहिणीकडून परत आली. मिरच्यांचे दिवस, दोघी बहिणी मिळून वाळवण घालायच्या. सकाळी भाकरी वाढताना तिचा हात कचरला. कानिफनं पाहिलं, तर बोटांची सालं निघालेली.

"काय गं, काय झालं?"

"वाळवन घातलं न्हवं का छबीकडं. झोंबलंय जरा."

मिरच्या म्हटल्यावर हात झोंबायचेच. तो जेवून उठला.

धरणावर पोचतो तर सहादेव समोर उभा, हातात भरलेला डबा आणि तोंडावर हसू.

"आला बरं का साडूभाऊ! पहिल्या येष्टीनं आला."

"सील कुठंय?"

"मीच फोडलं. म्हनलं भरून ठिवावा, तुमचा येळ वाचंल."

कानिफनं झाकण काढलं. खडे पांढरेफेक. त्यानं रंगावर विश्वास ठेवला नाही. विश्वास ठेवला तो माणसावर, आणि तिथंच घात झाला.

"सहादेवा, चुना ताजा हाय ना?"

"ताजा म्हंजे! मढीच्या कानोबाची आन."

ज्या देवाच्या नवसानं कानिफ जन्माला आला त्याचीच आण. आता यावर आणखी काय विचारायचं? तो उतरला.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. तारेचं टोक खोडाखालून ओवलं, एक वेढा झाला. मग त्याला दम लागायला लागला. वाटलं, तार जड आहे, म्हणून असेल. दुसरा वेढा घेताना कपाळात घण पडायला लागले. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, कितीही हवा ओढली तरी पुरेना. पिशवी तर गच्च भरलेली! हवा आहे आणि तरी जीव गुदमरतोय, याचा अर्थ एकच, हे तो कोचीनला शिकला होता. पण त्या अंधारातसुद्धा त्याचं मन म्हणालं, छे, चुना ताजा आहे, सहादेवानं आण घेतलीय. दुखणं दुसरंच काहीतरी असेल. बघा, केवढा हा भाबडेपणा! मरायला टेकलेला माणूस मारणाऱ्याची बाजू घेत होता.

बोटं ऐकेनात. कसाबसा आकडा अडकवला आणि उरलंसुरलं बळ एकवटून त्यानं दोर हिसडला, हिसडतच राहिला. सहादेवानं ओढला त्याला, हे खोटं नाही. हाताची कातडी सोलवटेपर्यंत ओढला. काठावर कानिफ ओकला, थरथरला आणि डोकं धरून पालथा पडून राहिला. पलीकडं यंत्रानं तार खेचली, खोड सुटलं, दरवाजा वर उचलला गेला. कालव्यात पाणी धावलं आणि माणसांनी एकच गलका केला. कुणी नारळ फोडला, कुणी कानिफच्या नावानं आरोळी ठोकली.

कानिफला बसवलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा डबा मागितला. सहादेव म्हणाला, "मी करतो ना रिकामा, तुमी पडा." कानिफनं डबा त्याच्या हातातून हिसकावला आणि चुना फडक्यावर ओतला. खडे परत जांभळे पडले होते. त्या जांभळ्या खड्यांत मिरचीचं एक बी होतं, पिवळं, चपटं. जवळच लाल सालीचा एक तुकडा.

मुंबईच्या सीलबंद डब्यात मिरचीचं बी कुठून येईल? त्याला एकदम बनुबाईची सोललेली बोटं आठवली. साडूचं एक वेळ सोडा, पण घरची बाईसुद्धा?

घरी गेल्यावर त्यानं बी तळहातावर घेऊन तिच्यापुढं धरलं. "ह्ये काय हाय?"

बनुबाई गोंधळली. "मिरचीचं बी. का वो?"

"चुन्यात घावलं."

"मग आसंल," ती सहज म्हणाली. "मिरच्या काडून त्याच पोत्यावर तुमचा चुना घातला हुता. तुमीच सांगितलं न्हवं का दाजींना, चुन्याला ऊन दाखवा म्हनून? मी दिसभर बसले राखन, हातानं खालवर करीत. बोटं सोलली तरी म्हनलं, आपल्याच मानसाचं काम हाय."

कानिफनं बी मुठीत मिटलं. त्यानं तिला खरं काय ते सांगितलं मात्र, आणि बनुबाईनं स्वतःचे हात असे काही पाहिले, की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मग ती जी रडायला बसली ती कुणाला आवरेना.

चार दिवसांनी सहादेव आला. बाग तरली होती. दारातच उभा राहिला, आत ये असं कुणी म्हणालं नाही.

"साडूभाऊ, पायतान काडा आन् मारा मला. झाडं वाळताना बघवंनात वो. खड्ड्यात टाकायचा चुना मागं ठिवला हुता, त्याला ऊन दाखवून बघितलं, पांढरा झाला, म्हनलं सुधरला आसंल."

"आसंल?" कानिफ म्हणाला. "मी इचारलं तवा तू 'आसंल' म्हनला न्हाईस. आन घेतलीस. ह्यो वाळवलेला हाय, येवढंच सांगायचं हुतंस."

"सांगितलं आसतं तर तुमी उतरला आसता का?"

कानिफनं त्याच्याकडं नीट पाहिलं. म्हणजे ही चूक नव्हती. याला सगळं कळत होतं, म्हणूनच तर हा खोटं बोलला.

"तुला झाडं जगवायची हुती, जगव. पर मला माराया माझ्याच बायकूचे हात वापरलेस मेल्या! दुसरं कुनी घावलं न्हाई तुला?"

सहादेव गेला. पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. लोक मात्र मस्करी करायचे, "म्हसे, साडूनं बराच चुना लावला म्हना की!" कानिफ हसायचा नाही.

त्याचं काम सुटलं नाही, पण दोर धरायला माणूस पटेना. शेवटी बनुबाई म्हणाली, "मी धरते." पदर खोचून ती काठावर उभी राहायला लागली. सीलबंद डबा तिच्या डोळ्यांदेखत फुटायचा, चुना ती स्वतः भरायची, वापरलेला स्वतः खड्ड्यात टाकून पायानं माती लोटायची. हाताला फडकं गुंडाळायला ती कधी विसरली नाही.

आणि तरीही उतरायच्या आधी कानिफ विचारायचा, "चुना ताजा हाय ना?"

"आताच तर तुमच्यापुढं भरला."

तो मान हलवायचा. मग झाकण काढायचा, खडे फडक्यावर ओतायचा आणि बोटानं एकेक बाजूला सारत मिरचीचं बी शोधायचा. बनुबाई दोर हातात धरून तोंड फिरवायची आणि त्याचं होईपर्यंत पाण्याकडं बघत उभी राहायची.