वेरिबीच्या माळावर पुरलेलं रोम

ऑस्ट्रेलियात रोमन कधी आले नाहीत. ही उणीव एका युनिव्हर्सिटीनं भरून काढली आहे. वेरिबी गावाच्या पलीकडे, वाऱ्यानं झोडपलेल्या माळावर, तिनं एक आख्खं रोमन खेडं पुरून ठेवलंय. विद्यार्थ्यांनी ते उकरायचं, शिकायचं, आणि पुढच्या तुकडीसाठी पुन्हा पुरायचं. ओपन डेला कुणीही जाऊ शकतं, तिकीट नाही. मागच्या शनिवारी मी आणि माझी बायको शैला जाऊन आलो.

हौस म्हणून नव्हे. माझी भाची केतकी क्लेटनला आमच्याकडे राहून आर्किऑलॉजी शिकते. सध्या आपल्याकडून विमानं भरभरून पोरं येतात ती अकाउंटिंगला, कुकरीला, नाहीतर केस कापायला. शिकायचं काहीही, हवा असतो पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना. इंजिनिअर झालेला पोरगा कात्री घेऊन उभा असलेला मी पाहिलाय. अशा बाजारात खापरांचा अभ्यास म्हणजे घराण्याची बेअब्रूच. तिच्या वडिलांनी, म्हणजे साताऱ्याच्या आमच्या दाजींनी, अट घातली होती. प्राध्यापक हेलनबाई इटलीतल्या खऱ्या उत्खननासाठी दोघांना निवडणार होत्या. त्यात केतकीचं नाव आलं तर शिक्षण पुढे चालू, नाहीतर पुढच्या सेमिस्टरला अकाउंटिंग. ओपन डेला प्रत्येकानं आपल्या खड्ड्याचा अर्थ सांगायचा आणि बाईंनी तो ऐकून ठरवायचं.

जाणाऱ्यांनी क्लेटनहून गाडीनं सव्वा तास धरावा. ट्रेननं वेरिबीपर्यंत येता येतं. पुढे बस नाही, मेंढ्या आहेत. जुने बूट घाला, पिण्याचं पाणी न्या आणि तोंड मिटून ठेवा, कारण माशा आमंत्रणाची वाट पाहत नाहीत. खायला पावात सॉसेज. शाकाहारी आहोत म्हटलं, तर सॉसेज काढून उरलेला पाव आणि कांदा त्याच किमतीत हसतमुखानं दिला. नो वरीज!

फाटकावर पाटी होती: या भूमीच्या मूळ मालकांना आम्ही वंदन करतो. वंदन करून आत शिरलं की रोम! ज्यांची भूमी, त्या इथल्या आदिवासींच्या चुली याच मुलखात पिढ्यानपिढ्या पेटल्या. पण अभ्यासाला चूल हवी ती सातासमुद्रापलीकडची, आणि नसली तर आणून पुरायची. आपण फार हसू नये. गावाजवळची लेणी न पाहता युरोपच्या बसमध्ये चढणारे आपणच.

"यात राजवाडा कुठाय गं?" मी खड्ड्यात वाकून केतकीला विचारलं.

"राजवाडा नाही मामा. हे शेतकऱ्यांचं खेडं आहे. हा कुंभाराचा आवा, ही भाजताना वाकडी झालेली, फेकून दिलेली मडकी, आणि ही लोखंडाची मळी. राखेचा थर, मग मातीचा, मग पुन्हा राख. म्हणजे शेताची कामं संपली की आवा पेटवायचे. जोडधंदा."

"म्हणजे उकिरडा."

"उकिरडाच. खोटं बोलत नाही तो."

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथं त्यावर पदवी मिळते!

चहानंतर खड्ड्याला लागून एक नवी पट्टी उघडायची होती. सगळे चहाच्या तंबूत गेले. शैला मात्र मागे रेंगाळली. ती आली तेव्हा तिच्या नखांत माती होती. मी तिच्या हातात कप दिला. चहा गरम होता.

पट्टी उघडताच केतकीचा जोडीदार ब्रॅड ओरडला, "केटी, मेट, हे बघ!"

त्यांचा ट्यूटर ग्रॅहम धावला. तो नोकरीला लागला तेव्हा खेडं आधीच पुरलेलं होतं, त्यामुळे या आजवर न उघडलेल्या पट्टीत काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मातीतून निघालं एक गोल कठीण फळ, एक पिवळं मूळ आणि चिमूटभर लाल पूड.

"नैवेद्य!" ग्रॅहम पाहुण्यांकडे वळून गरजला. "ओकचं फळ, औषधी मूळ, खनिज रंग. आवा बांधण्याआधी रोमन शेतकऱ्यानं देवाला वाहिलेला!" मग त्या शेतकऱ्याच्या मनोवस्थेवर एक व्याख्यान झालं. आयुष्यभर व्यासपीठं गाजवलेल्या मलाही इतक्या कमी ऐवजावर इतकं बोलणं जमलं नसतं.

सुपारी, हळकुंड आणि कुंकू बघून केतकीनं मामीकडे पाहिलं. मामी आभाळाकडे पाहत होती.

"मातीला हात लावण्याआधी तिला विचारायला नको?" शैला माझ्या कानाशी पुटपुटली. "नारळ फोडणार होते, पण आवाज झाला असता."

दुपारी हेलनबाई आल्या. केतकीनं आवा, राख, मळी सगळं नेटकं सांगितलं.

"आणि हा नैवेद्य?" बाईंनी विचारलं. शेजारी ग्रॅहम छाती काढून उभा होता.

केतकी पट्टीच्या कडेशी वाकली. "तो रोमन नाही. पट्टी उघडण्याआधीच वरचं गवत कापलेलं होतं, माती सैल आणि ओली होती. आज सकाळी पुरलाय. ही सुपारी आहे. माझ्या मामीनं ठेवली."

ग्रॅहम कुंकवाच्या रंगाचा झाला.

"कशासाठी?" बाई म्हणाल्या.

"जमीन खणण्याआधी तिची परवानगी मागायला."

कुणी हसलं नाही. बाईंनी शैलाकडे पाहून विचारलं, "मग? मिळाली?"

शैला इंग्रजीत म्हणाली, "शी डिडन्ट से नो."

गुरुवारी निकाल लागला. निवड झाली ब्रॅडची आणि आणखी एकाची. खड्ड्यात बाहेरची वस्तू घालणं हा नियमभंग होता, आणि नियम मामींनाही लागू असतो. शैला दोन दिवस जेवली नाही धड. मला विचाराल तर त्या माळावर त्या दिवशी जमिनीला विचारणारी ती एकटीच होती. मी, पूजाअर्चेवर आयुष्यभर तोफा डागणारा माणूस, हे लिहितोय. ते खेडं विसरेन, हे विसरणार नाही.

केतकीनं स्पीकर चालू करून साताऱ्याला फोन लावला. सुपारीपासून निकालापर्यंत सगळं सांगितलं. दाजींचं बाजारपेठेत घाऊक दुकान आहे. त्यांना हिशेब कळतात. दुकानातल्या गलक्यातून त्यांचा आवाज आला.

"गप्प बसली असतीस तर इटलीला गेली असतीस?"

"बहुतेक, बाबा."

"आणि तरी भर सभेत खरं सांगितलंस?"

"हो."

"मग राहू दे ते अकाउंटिंग," दाजी म्हणाले. "तुला जमायचं नाही."