ओढ्याचा निकाल

आमच्या वस्तीची विहीर वस्तीनंच खोदली होती, सासऱ्यांच्या तरुणपणी. गावच्या विहिरीवर आम्हा बौद्धांना चढू देत नसत. कायदा होता हो, पाणी सगळ्यांना खुलं म्हणून. पण मी लग्न होऊन आले ते ऐंशीच्या आगेमागे, तेव्हाही हा विषय कुणी काढत नसे. आपली विहीर आहे ना, मग कशाला नसती भानगड, असं सासूबाई म्हणायच्या.

पिरंगुटच्या बाजूला तेव्हा कारखाने उठत होते. वस्तीच्या वरच्या अंगाला एक रंगाचा कारखाना आला आणि त्यानं घाण पाणी पाइपानं सरळ ओढ्यात सोडलं. ओढा कधी जांभळा, कधी गंजाच्या रंगाचा. गावाची भाताची रोपं करपली, म्हशी फुगून मेल्या, तेव्हा कुठं गावाला जाग आली. सरपंच आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, दावा लावू, तुमचीही सही पाहिजे. सासरे नोकरीतून निवृत्त झालेले, कागद वाचणारे. सरपंच आपल्या दारी आले याचंच त्यांना केवढं अप्रूप.

पुण्याच्या वकिलानं दावा लिहिताना विचारलं, ओढ्याशिवाय पाण्याच्या जागा कोणत्या? सरपंच घाईघाईनं म्हणाले, ओढ्याचंच लिहा. वकिलानं सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं. कारखान्याच्या सगळ्यात जवळ आमचीच विहीर. तिचं का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

सासरे शांतपणे म्हणाले, "पलीकडचा वकील इचारल, एका गावात दोन विहिरी कशापायी? मग सरपंच काय सांगल? एकदा गाव आन आपुन एका बाजूला हाय, ते मोडायचं न्हाई मला."

मी सून. पण त्या दिवसापासून हंडा भरून काढला की आधी पाण्याचा वास घ्यायची सवय लागली.

दावा रखडत चालला. तारखेला सासरे आणि सरपंच एकाच एस.टी.नं जायचे, कोर्टाच्या आवारात एकाच फडक्यातली भाकरी खायचे. सासरे हे इतक्यांदा सांगत की सासूबाई वैतागायच्या. भाकरी माझी आणि कौतुक सरपंचाचं, म्हणायच्या. मलाही हळूहळू बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि आम्ही जिंकलो. ओढ्यात पाणी सोडायचं नाही, असा हुकूम झाला. एस.टी. थांबते तिथं सरपंचांच्या बायकोनं नवऱ्याला ओवाळलं आणि तेच ताट घेऊन आमच्या सासऱ्यांनाही ओवाळलं. म्हातारा रडला. वस्तीतल्या बायका बघतच राहिल्या.

कारखान्यानं हुकूम अगदी इमानदारीनं पाळला. पाइप काढला. गेटवर पाटी रंगवली, आम्ही न्यायालयाचा आदेश पाळतो. आणि कुंपणाच्या आत, आमच्या विहिरीच्या बरोबर वरच्या अंगाला, जेसीबी नव्हते तेव्हा, मजुरांकडून भलामोठा खड्डा खणून घेतला. सगळं पाणी त्यात. दिवसभर पाणी पडायचं आणि खड्डा काही भरायचा नाही. जमीन पीत होती. मला तो खड्डा बघवत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात डाळ शिजेना. चहावर तवंग यायला लागला. विहिरीतली बेडकं कधी ओरडायची थांबली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. वस्तीतल्या पोरांच्या पोटात कळा येऊ लागल्या. माझी लेक दीड वर्षाची, पाण्याचा पेला तोंडाशी नेला की मान फिरवायची. उकळून दिलं तरी तेच.

सासरे वकिलाकडं गेले. तो म्हणाला, हुकूम ओढ्याचा आहे आणि तो मोडलेला नाही. विहिरीसाठी नवा दावा लावा, गावाला बरोबर घ्या. सासरे सरपंचांकडं गेले. सरपंचांचा पुतण्या तोवर कारखान्यात लागला होता.

सरपंच म्हणाले, "आवं, जिंकलोय की आपुन. आता परत कशाला?"

सासरे घरी आले, भिंतीकडं तोंड करून पडले. माझ्या अंगाची आग आग झाली. त्यांच्यावर की सरपंचांवर, मला सांगता आलं नसतं. लेकीचे ओठ सुकलेले. ओढाही आटलेला. मी सासूबाईंना म्हणाले, चला, गावच्या विहिरीवर जाऊ. कायद्यानं ती आपलीही आहे, आणि आता तर गाव आपलं आहे.

विहिरीवर सरपंचांची बायको होती. आम्हाला पाहून बाकीच्या बायका बाजूला सरल्या. मी पायरीवर पाय ठेवणार तोच ती पुढं आली. रागावली नाही. उलट मायेनंच बोलली.

"वर नगं येऊ बाई. हंडा तितं खाली ठेव. मी वाढते की वरनं, पायजे तेवढं."

सासूबाईंनी माझा दंड धरला, चल म्हणाल्या, मेलो तरी चालंल. मी त्यांचा हात सोडवला, हंडा पायरीखाली ठेवला आणि वरून पडणारं पाणी भरून घेतलं.